वकिलीचा व्यवसाय आणि शब्दांची जबाबदारी

कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास व्यवसायासंबंधी जो उपदेश मिळतो, तो बहुधा परिश्रम, वक्तृत्व आणि ज्येष्ठ वकिलाचे मार्गदर्शन ह्या तीन गोष्टींभोवती फिरतो. तिन्ही आवश्यक आहेत ह्यात शंका नाही. परंतु महाराष्ट्रात वकिली करू इच्छिणाऱ्यास आणखी एक गोष्ट तितकीच आवश्यक आहे. ती म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्दाचा अर्थ अबाधित राखण्याचे सामर्थ्य.

ह्या आवश्यकतेचे मूळ न्यायव्यवस्थेच्या रचनेतच आहे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदास अनुसरून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ च्या अधिसूचनेने मराठी निश्चित झाली. इंग्रजीचा वापर मात्र तेथेही थांबलेला नाही. पक्षकार आपली हकीकत मराठीत, किंबहुना आपल्या बोलीत सांगतो. खरेदीखत, सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद ही मराठीत असतात. प्रकरण अपिलात वर गेले की ह्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर न्यायमूर्तींपुढे येते. अशा वेळी ज्या शब्दांचा कीस काढला जातो, ते साक्षीदाराचे नसून भाषांतरकाराचे असण्याचा संभव असतो.

नातेवाचक शब्दांचे उदाहरण घेतल्यास ह्यातील धोका स्पष्ट होईल. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये एखादा पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावला आणि पहिल्या व दुसऱ्या वर्गातील वारस नसले, तर संपत्ती प्रथम गोत्रजांकडे, म्हणजे केवळ पुरुषांच्या द्वारे संबंध पोचणाऱ्या नातलगांकडे जाते. असा कोणी नसेल तरच इतर नातलगांचा विचार होतो. चुलतभाऊ हा गोत्रज होय. आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ नव्हेत. मराठी भाषेने जो भेद नावातच नोंदविला आहे, तोच भेद कायदाही मानतो. परंतु इंग्रजीत हे चौघेही ‘कझिन’ होतात. भाषांतरात हा एक शब्द खुलाशावाचून राहिला, तर ज्यावर वारसाहक्क अवलंबून आहे तोच भेद कागदावरून नाहीसा होतो.

भाषांतराचा प्रश्न न्यायालयात किती गंभीर होऊ शकतो, हे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसून आले. लोकमान्य टिळकांवरील आरोप ‘केसरी’तील मराठी लेखांवर आधारलेला होता. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते आणि निर्णय व्हावयाचा होता तो इंग्रजी भाषांतरांवरून. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी आपला बचाव स्वतःच केला आणि अनेक दिवस चाललेल्या भाषणात ह्या भाषांतरांच्या यथार्थतेवर आक्षेप घेतले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले व सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मूळ भाषा न जाणणाऱ्यास भाषांतरातील दोष पटवून देणे किती दुष्कर असते, ह्याचा तो खटला साक्षी आहे. म्हणूनच भाषांतराची तपासणी अखेरच्या युक्तिवादावर न सोडता प्रकरणाच्या आरंभीच व्हावयास हवी.

विद्यार्थ्याने ह्यासाठी काय करावे? प्रथमतः, भाषांतर हाती असले तरी मूळ कागद स्वतः वाचण्याची सवय लावावी. दुसरे असे की, न्यायालयीन मराठी ही स्वतंत्र परिभाषा समजून शिकावी. ‘कैफियत’ म्हणजे व्यवहारात गाऱ्हाणे. दिवाणी न्यायालयात मात्र ते प्रतिवादीचे लेखी उत्तर होय. ‘दरखास्त’ म्हणजे एरवी कोणताही अर्ज. दिवाणी न्यायालयात मात्र हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज. परिचित दिसणारे हे शब्दच नवख्या वकिलास अधिक चकवतात. तिसरे, ज्येष्ठांच्या कार्यालयातील पहिल्या वर्षांत मसुदे लिहिण्याचे काम कंटाळवाणे मानू नये. दाव्याचा मराठी मसुदा स्वतः लिहावा आणि तो पक्षकारास वाचून दाखवावा. ‘असे मी म्हटले नव्हते,’ असे पक्षकार म्हणाला, तर तो मसुद्यातील दोष समजावा, पक्षकाराचे अज्ञान नव्हे.

उत्पन्न आणि प्रतिष्ठा ह्यांचा काळ प्रत्येकाच्या बाबतीत निराळा असतो. त्यांवर समाधान अवलंबून ठेवणाऱ्यास पहिली वर्षे जड जातात. परंतु ज्या मनुष्यास इंग्रजी निकाल वाचता येत नाही, त्याचे म्हणणे त्यात यथातथ्य उतरले आहे, ही खात्री वकिलास पहिल्या प्रकरणापासून मिळविता येते. निकाल विरुद्ध गेला तरी ती टिकते. व्यवसायातील समाधानाचा हा पाया विद्यार्थिदशेतच घालता येण्यासारखा आहे.