आगगाडीच्या इंजिनांचे पितळी नमुने : ओळख व निगा

नाशिकच्या भांडीबाजारांत जुनें पितळ मोडींत वजनावर घेतलें जातें, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. घागरी-तपेल्यांच्या ढिगांत एखाद्या इंजिनाचा पितळी नमुना आला, तर त्याचीहि वाट मुशीकडेच. तेथून कोणी तो सोडविला, तरी चिंच लावून लखलखीत केल्यास तो वांचला असें आम्ही म्हणणार नाहीं. पोथीचें वय जसें कागद व शाईवरून, तसें येथें माप, झाळकाम व रोगण यांवरून ठरवावें लागतें.

प्रथम मोजावी ती रुळांची रुंदी. आपला मोठा रूळ ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मि. मी.; विलायती ४ फूट ८॥ इंच. बाजारी ‘शून्य’ मापाच्या नमुन्यांचा रूळ ३२ मि. मी. असतो, परंतु १ : ४३·५ या प्रमाणांत आपला रूळ ३८·५ मि. मी. भरला पाहिजे. अंग देशी इंजिनाचें व चाकें ३२ मि. मी. रुळाचीं असल्यास नमुना बाजारी रुळांसाठीं केलेला समजावा. ३८·५ भरल्यास करणाऱ्यापुढें खऱ्या इंजिनाचीं मापें होतीं, असें धरण्यास हरकत नाहीं. नांवाची पट्टी मागाहूनहि बसवितां येते; एकट्या तिच्यावर विसंबूं नये.

मूळ इंजिन ओळखलें कीं कालाची वरची मर्यादा मिळते. कसारा-इगतपुरीचा थळघाट १८६५ सालीं खुला झाला. त्याचा चढ ३७ स १. तेथील ‘खेकडा’ नांवाचें विजेचें इंजिन १९२८ चें. पुढें-मागें लांब सोंडा, तीन-तीन आंसांचे दोन गाडे, चाकांस जोडणाऱ्या बाहेरील दांड्या, हीं त्याचीं लक्षणें. असा नमुना १९२८ पूर्वींचा असूं शकत नाहीं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांतील खेकड्याशीं तो ताडून पाहावा. उलट, साधी पितळी नळकांडी, खालीं स्पिरिटचा दिवा व हेलकावे खाणारे दट्टे असलेलीं इंग्रजी खेळणीं एकोणिसाव्या शतकापासून होत असत; त्यांचें मूळ इंजिन शोधणें व्यर्थ होय.

आतां निगेविषयीं. आम्लानें जस्त आधीं निघतें व पितळावर तांब्याची लाली चढते. ती लाली मग जात नाहीं. नवसागरवायूचें पाणी तर याहून घातक. हिंदुस्थानांत पावसाळ्यांत तबेल्यांत ठेविलेलीं काडतुसांची पितळी टरफलें आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतांतील तोच वायु त्यास कारण, हें १९२१ सालीं सिद्ध झालें. म्हणून धूळ मऊ कुंचल्यानें काढावी, जुनें रोगण राहूं द्यावें, व सुटलेला भाग जोडण्यापूर्वीं मूळ झाळकाम कशाचें आहे तें पाहावें. कथील-शिशाची झाळ १८३ अंश सेंटिग्रेडास वितळूं लागते, रुप्याची ६०० च्या वर. कथलाच्या कामाजवळ रुप्याची झाळ देऊं गेल्यास शेजारचे सांधे उसवतात. असें काम करण्यापूर्वीं तांबटास तो नमुना हातीं देऊन आधीं सगळे सांधे दाखवावे, व छायाचित्रें काढून ठेवावीं.