मध्यंतराची पंधरा मिनिटं

प्रत्येक नाट्यगृहाला एक मागचं दार असतं. सेटचा टेम्पो तिथे लागतो, नेपथ्याचे फ्लॅट तिथून आत येतात आणि प्रयोग संपला की तिथूनच बाहेर पडतात. मध्यंतरात प्रेक्षक वड्याच्या रांगेत उभे असतात, तेव्हा आम्ही या दाराशी असतो. प्रकाशवाले, नेपथ्यवाले, कपडेपट सांभाळणारे, कधी एखादा नट अंगावर शाल घेऊन. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, आत पाट्या लागल्या आणि आम्ही उंबऱ्याच्या आतून उंबऱ्याबाहेर सरकलो. फरक पडला तो एवढाच.

मी नाटकाचे दिवे चालवतो. पहिली सिगरेट ओढली ती पुण्यात, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींच्या दिवसांत. रात्री एकला तालीम सुटायची, टपरीवर चहा व्हायचा आणि एक सिगरेट चौघांत फिरायची. वय एकोणीस. पुढे व्यावसायिक नाटकात आलो तेव्हा तीच सवय दिवसाला पंधरावर गेली होती. कधी ओढायची हे नाटकानंच ठरवून दिलं होतं. एक तिसऱ्या घंटेच्या आधी, एक मध्यंतरात, एक पडदा पडल्यावर. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. हे मला फार उशिरा कळलं. पहिला अंक संपता संपता माझा जीव मागच्या दाराकडे का ओढ घ्यायचा, ते तेव्हा उमगलं. प्रयोगाचा ताण म्हणून मी सिगरेट ओढतो असं वीस वर्षं समजत होतो. त्यातला बराचसा ताण आधीची सिगरेट उतरल्याचा होता.

२०१९ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी दिवे फोकस करायला घोड्यावर, म्हणजे आमच्या उंच शिडीवर, चढलो आणि अर्ध्यात थांबावं लागलं. हातात दिवा, खाली दोन पोरं घोडा धरून उभी, आणि मला श्वास पुरेना. नेपथ्यवाले मामा खालून म्हणाले, "उतरा दादा, मी पाठवतो कुणाला." मी उतरलो. त्या रात्री ठरवलं, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला सोडायची. त्या दिवशी आम्ही नटराजाची पूजा करून नारळ फोडतो. पूजेनंतर पाकीट आणि लाइटर मामांच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत सांगितलं. टाळ्या वाजल्या. त्याच रात्री बस दौऱ्याला निघाली: रत्नागिरी, मालवण, फोंडा.

तलफेबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पाणी पी, लवंग चघळ, बडीशेप खिशात ठेव. पहिल्या दिवशी ते कामाला आलं. तलफ येते तेव्हा ती कधी जायचीच नाही असं वाटतं, पण घड्याळ लावून पाहिलं तर पाच-सात मिनिटांत तिचा जोर ओसरतो. मी खरंच घड्याळ लावत होतो. प्रकाशवाल्याला सेकंद मोजायची सवय असते.

उदासीबद्दल मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं.

तिसरा दिवस, मालवण. दुपारी दिवे बांधून झाले, जेवायला सुरमई होती, ती मी ताटात तशीच ठेवून उठलो. कशातच जीव लागेना. पहिला अंक सुरू झाला. शंभराच्या वर प्रयोग केलेलं नाटक, वाक्यन् वाक्य पाठ. अंकाच्या शेवटी नायिका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते, तिथे सावकाश अंधार करायचा. तिनं हात ठेवला आणि मला रडू आलं. दुःख कसलंच नव्हतं. घशाशी आलं आणि डोळ्यांवाटे वाहायला लागलं. त्यात माझा क्यू गेला. ती भर उजेडात उभी, पडदेवाला माझ्या अंधाराची वाट बघतोय, सभागृह शांत. चार-पाच सेकंदं असतील. नाटकात चार-पाच सेकंदं फार मोठी असतात.

मध्यंतरात मी सरळ मागच्या दाराकडे निघालो. ओढायचीच, असं ठरवून निघालो होतो. वाटेत रंगपटाच्या दारात ताई उभ्या होत्या, ज्यांचा शेवट मी घालवला होता त्याच. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "दादा, घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं, "घरी बरं आहे ताई, मीच बरा नाही. तिसरा दिवस आहे." त्यांना लगेच कळलं. त्यांच्या वडिलांनी तंबाखू सोडली तेव्हा घरात काय चालायचं, ते त्यांनी पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून मध्यंतरात माझा वडा तुम्ही आणायचा. बाहेरच्या काउंटरवरून. दुसऱ्या कुणी आणलेला मी खाणार नाही."

बाहेरचा काउंटर म्हणजे पुढचं दार. प्रेक्षकांची गर्दी, रांग, सुटे पैसे, मग वडा गार होऊ न देता रंगपटात पोचवायचा. पंधरा मिनिटं त्यातच सरायची. त्या दौऱ्यात आणि पुढचे दोन महिने मी ते काम केलं. मध्यंतरात मागच्या दाराशी मी नसायचोच. इच्छाशक्तीचं कौतुक आपल्याकडे फार होतं. माझ्या बाबतीत इच्छाशक्ती मालवणलाच संपली होती. पुढचं काम वड्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला पोचल्यावर एका रिकाम्या पाकिटावर छापलेला नंबर लावला. सप्टेंबर २०१८ पासून सिगरेटच्या पाकिटांवर तंबाखू सोडण्यासाठीच्या मदतीचा नंबर छापतात, १८००-११-२३५६. वर्षभर तो माझ्या खिशात होता आणि मी वाचला नव्हता. समुपदेशक बाईंनी पहिला प्रश्न तलफेचा विचारलाच नाही. म्हणाल्या, "मन कसं आहे?" मी मालवणचं सगळं सांगितलं. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं: वर्षानुवर्षं मेंदू निकोटिनच्या जोरावर बरं वाटून घ्यायला शिकलेला असतो. ते एकदम थांबलं की साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद काही दिवस पोचतच नाही. चिडचिड, झोपमोड, चित्त न लागणं, कारण नसताना भरून येणं, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातं आणि तीन-चार आठवड्यांत निवळत जातं. "हे तुमचं खरं मन आहे असं समजू नका," त्या म्हणाल्या, "आणि या दिवसांत कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका." त्या सकाळी मी नाटकाची लाइन सोडायचा विचार करत होतो. हे त्यांना सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी चहाचं विचारलं. दौऱ्यावर दिवसाला आठ-नऊ कटिंग. त्या म्हणाल्या, निम्मा करा. मला वाटलं चहाबरोबर सिगरेटची आठवण येते म्हणून. कारण वेगळं होतं. सिगरेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताचं काम वाढवतात आणि कॅफीन शरीरातून लवकर बाहेर जातं. ओढणं थांबलं की तेच कॅफीन जास्त वेळ रक्तात राहतं. म्हणजे चहा तेवढाच घेतला तरी अंगावर जवळजवळ दुप्पट येतो. बसमध्ये रात्रभर छाती धडधडायची, डोळा लागायचा नाही, ते मी सिगरेट सोडल्याच्या खात्यात टाकत होतो. चहा चारवर आणला आणि तिसऱ्या रात्री कशेडी घाट कधी गेला ते कळलं नाही.

आमच्या रंगभूषावाल्या काकांचाही किस्सा सांगितला पाहिजे, कारण ही चूक सर्रास होते. मी सोडली म्हणून त्यांनीही धीर केला आणि औषधाच्या दुकानातून निकोटिनचं च्युइंगगम आणलं. दोन दिवसांत म्हणाले, "हे लागू पडत नाही, उचक्या लागतात आणि पोटात ढवळतं." एका हातात चहा, दुसऱ्या हातात मेकअपचा ब्रश, आणि ते गम साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावत होते. ते तसं नसतं. सावकाश थोडं चावायचं, जिभेला झिणझिण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. झिणझिण गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. निकोटिन तोंडातल्या अस्तरातून आत जायला हवं, गिळलं तर पोट बिघडतं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, थंड पेय काही नको, कारण तोंडात आंबटपणा असला की ते शोषलंच जात नाही. काकांनी चहा आणि गम वेगळं केलं आणि त्यांचं जमलं. गमची सवय लागेल म्हणून लोक घाबरतात. गममध्ये धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि तीन महिन्यांत ते कमी करत बंद करता येतं. मला तरी ही भीती अनाठायी वाटते.

सगळ्यात अवघड गेलं आमच्या एका ज्येष्ठ नटांना. त्यांनी सिगरेट सोडली आणि नेमकं त्यांच्या भूमिकेला दुसऱ्या अंकात सिगरेट होती. रोज साडेदहाच्या सुमारास हजार माणसांसमोर काडी पेटवायची. निर्मात्यांनी बिनतंबाखूची वनस्पतींची सिगरेट आणून दिली. त्यात निकोटिन नसतं, पण धूर तो धूरच. तोच हात, तेच ओठ, तीच आच. तीन प्रयोग झाले आणि चौथ्यानंतर ते मागच्या दाराशी खरी ओढताना दिसले. कुणी काही बोललं नाही. ते स्वतःच दिग्दर्शकाकडे गेले आणि म्हणाले, "मला हे झेपत नाहीये." एवढा मोठा नट असं म्हणतो याला हिंमत लागते. दिग्दर्शकांनी प्रवेश बदलला. ते सिगरेट ओठांपर्यंत नेतात, लाइटर काढतात आणि समोर बायकोचं काम करणारी नटी काही न बोलता लाइटर त्यांच्या हातून काढून घेते. पेटवायची वेळच येत नाही. मला तिथे नवीन क्यू मिळाला, तिच्या मुठीवर उजेड थोडा वाढवायचा. तो प्रवेश आधीपेक्षा चांगला झाला, हे मी दिव्यांच्या मागून रोज पाहिलं आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे नाट्यगृहं बंद झाली. मला सोडून चार महिने झाले होते. आम्हा पडद्यामागच्या माणसांना महिन्याचा पगार नसतो, प्रयोगाची नाइट मिळते. प्रयोग नाही, तर काही नाही. धान्याची पाकिटं आली, ज्यांनी पाठवली त्यांचं ऋण आहे. पण दिवसभर खोलीत बसून करायचं काय? जूनमध्ये चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्याची बिडी घेतली. त्या आठवड्यात चार ओढल्या. मग मनात आलं, गेलंच आहे तर पूर्ण जाऊ दे. हा विचार त्या चार बिड्यांपेक्षा घातक होता. मदतीच्या त्याच नंबरवर पुन्हा फोन केला. बाई म्हणाल्या, "घसरणं वेगळं आणि परत लागणं वेगळं. आज मोजणी पुन्हा सुरू करा." केली.

पण या वेळची उदासी निवळेना. तीन आठवडे, चार आठवडे. पहाटे चारला जाग, भूक नाही, कुणाशी बोलावंसं वाटेना. मालवणची उदासी लाटेसारखी यायची आणि जायची, ही हलतच नव्हती. बाईंनीच सांगितलं की हे आता निकोटिनचं नाही, डॉक्टरांना दाखवा. मी दाखवलं, सहा महिने औषध घेतलं. हे लपवण्यासारखं मला वाटत नाही. सिगरेट सोडताना येणारी उदासी आणि नैराश्याचा आजार यांतला फरक कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण माणूस दोन्हींवर एकच उपाय शोधतो, एक पेटवायची. ज्यांचं आधीपासून मनाच्या आजारावर औषध चालू आहे त्यांनी सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. धूर थांबला की काही औषधांची मात्रा बदलावी लागते.

सिगरेटनं मन शांत राहतं, ही समजूत आमच्या क्षेत्रात मुरलेली आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्यांनी सोडली त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, सोडल्यानंतर काही आठवड्यांनी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. माझा अनुभव तोच आहे. मध्ये फक्त तो मालवणचा दिवस येतो, आणि त्या दिवशी कुणीतरी जवळ असावं लागतं.

५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या आसनांवर नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. मी पहिल्यांदा सोडली त्याला बरोबर वर्ष झालं होतं. प्रत्यक्ष प्रयोग लागायला डिसेंबर उजाडला. मामांनी घोडा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी न थांबता वर गेलो. जूननंतर एकही ओढलेली नाही.

आता आमच्याकडे ध्वनी सांभाळणारा एक बावीस वर्षांचा मुलगा सोडतोय. परवा मध्यंतरात तो कन्सोलपाशी डोकं धरून बसला होता. "दादा, मला काही करावंसंच वाटत नाही." मी विचारलं, "कितवा दिवस?" म्हणाला, तिसरा. मी त्याला ताईंच्या वड्याचे पैसे दिले आणि पुढच्या दारानं पाठवलं.

माझी नाटकाच्या मॅनेजरांना, दिग्दर्शकांना आणि मोठ्या नटांना एक विनंती आहे. तुमच्या गटात कुणी तंबाखू सोडत असेल तर त्याला 'मन घट्ट कर' एवढंच सांगून सोडून देऊ नका. १८००-११-२३५६ हा नंबर रंगपटाच्या आरशावर चिकटवा, फोन मोफत आहे, मराठीतून बोलतात. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलिमानस' सेवेचा नंबर आहे. आणि पहिला महिनाभर मध्यंतरात त्या माणसाला काहीतरी काम द्या.