बॅटमॅनचे तीन भाग आणि दुकानाची गादी

राहात्याच्या आमच्या घरी सायंकाळची जेवणे दिवस मावळण्यापूर्वीच उरकतात. त्यानंतरचा तासभर माझा आणि माझ्या दहा वर्षांच्या नातवाचा असतो. त्याच्या वडिलांनी लहानपणी केबलवर पाहिलेली बॅटमॅनची जुनी कार्टून मालिका आता तो पाहतो, आणि गेल्या उन्हाळ्यापासून मीही त्याच्या शेजारी बसू लागलो आहे. आरंभी केवळ सोबत म्हणून बसत असे. मुखवटा घातलेला माणूस रात्री गच्च्यांवरून उड्या मारतो, यात सत्तरी गाठलेल्या आडतदाराने पाहावे असे काय असणार? परंतु त्यातील तीन भाग असे निघाले की त्यांनी मला माझ्याच गादीकडे नव्याने पाहावयास लावले. ज्या घरांचा संसार दुकानावर चालतो, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ते मुलांसोबत अवश्य पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

बॅटमॅन हे पात्र 1939 मध्ये अमेरिकेतील चित्रकथांतून प्रथम वाचकांसमोर आले. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे निर्माते. त्याच्यावरील ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ ही मालिका 5 सप्टेंबर 1992 रोजी सुरू झाली आणि 1995 पर्यंत तिचे 85 भाग प्रसारित झाले. ब्रूस टिम आणि एरिक रॅडॉम्स्की यांनी तिला रूप दिले. पार्श्वभूमीची चित्रे नेहमीप्रमाणे पांढऱ्या कागदावर न रंगवता काळ्या कागदावर रंगवली, त्यामुळे गॉथम हे काल्पनिक शहर अंधारातूनच उगवल्यासारखे भासते. केविन कॉनरॉय या अभिनेत्याने एकाच माणसाला दोन आवाज दिले : धनिक ब्रूस वेनचा मोकळा आवाज, आणि मुखवट्याआडचा खोल, संयत आवाज.

या नायकापाशी कोणतीही दैवी शक्ती नाही. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर तो जखमी होतो. बालपणी आईवडिलांची हत्या त्याने डोळ्यांदेखत पाहिली; तरीही तो कोणाचा जीव घेत नाही, हा त्याने स्वतःस घालून घेतलेला नियम आहे. मारामारी प्रत्येक भागात आहे. मात्र जे भाग मनात राहतात, त्यांत निर्णायक क्षणी हात उगारला जात नाही, आवरला जातो.

पहिला भाग ‘हार्ट ऑफ आइस’. पॉल डिनी यांनी तो लिहिला आणि त्या लेखनास एमी पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी मिस्टर फ्रीझ हा बर्फाची बंदूक चालवणारा एक सामान्य खलनायक होता. डिनी यांनी त्याला भूतकाळ दिला. व्हिक्टर फ्राइझ हा एका मोठ्या कंपनीतील शास्त्रज्ञ. पत्नी नोरा असाध्य रोगाने ग्रस्त. उपचार सापडेपर्यंत तिचा देह अतिशीत अवस्थेत जपून ठेवण्याचा प्रयोग तो कंपनीच्या प्रयोगशाळेत करीत असतो. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल येतो, खर्च पाहतो आणि यंत्र बंद करावयास सांगतो. झटापटीत फ्राइझ रसायनांत फेकला जातो, आणि पुढे गोठवणाऱ्या थंडीवाचून तो जगूच शकत नाही. तोच बॉइल समाजसेवेचा पुरस्कार स्वीकारत असताना फ्रीझ सूड घेण्यास येतो. बॅटमॅन त्याला रोखतो. सर्दीने बेजार असलेल्या बॅटमॅनच्या कामी येतो तो थर्मासमधील गरम सुपाचा मारा! पण जाताना तो त्या जुन्या प्रसंगाचे चित्रीकरण एका वार्ताहर महिलेच्या हाती देतो आणि बॉइलचे बिंग फुटते. शेवटी कोठडीत एकटा बसलेला फ्रीझ हातातील लहानशा नर्तिकेच्या बाहुलीकडे पाहत पत्नीची क्षमा मागतो.

भाग संपला. नातवाने विचारले, “दादाजी, त्या शेठने मशीन बंद का केले? त्याच्याकडे पैसे नव्हते?”

“होते.”

“मग?”

त्या ‘मग’चे उत्तर मला देता आले नाही. कारण त्याच हंगामात, सोयाबीनची आवक जोरात असताना, आमच्या आडतीवरील एका जुन्या हमालाने पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी उचल मागितली होती. मी वहीतून मान वर न करता म्हणालो होतो, “हंगाम आटोपू दे, मग पाहू.” तो काहीही न बोलता पुन्हा पोती उचलावयास गेला. नकार मी दिलाच नव्हता, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. बॉइलनेही हिशेबच पाहिला होता.

दुसरा भाग ‘रॉबिन्स रेकनिंग’. हा दोन खंडांत आहे आणि त्याच्या पहिल्या खंडास 1993 चा एमी पुरस्कार लाभला. येथेही आरंभ व्यापारातूनच होतो. टोनी झुको नावाचा गुंड सर्कशीच्या मालकाकडे हप्ता मागतो. मालक तो बाणेदारपणे नाकारतो. झुको झुल्याच्या दोराशी घातपात करतो आणि कसरत करणारे एक दांपत्य प्राणास मुकते. ते पडताना दाखवलेले नाही; पडद्यावर केवळ तुटलेला दोर हेलकावत परत येतो. लहान मुलांसमोर मृत्यू कसा मांडावा, याचा हा उत्तम नमुना आहे. पोरका झालेला मुलगा डिक याला ब्रूस वेन आपल्या घरी नेतो आणि तोच पुढे रॉबिन होतो.

अनेक वर्षांनी झुकोचा माग लागतो, तेव्हा बॅटमॅन रॉबिनला सोबत नेत नाही. रॉबिन संतापून एकटाच निघतो. झुको हाती सापडतो, सूड घेण्याची संधी समोर असते. पण तो त्याला पोलिसांच्या स्वाधीन करतो. अखेरीस रॉबिन कबूल करतो, की मी भावनेच्या भरात वाहवलो असतो, तुझे बरोबर होते. त्यावर बॅटमॅन सांगतो की कारण ते नव्हतेच. त्या माणसाने आधीच इतके हिरावून घेतले, आता तुलाही हिरावून घेईल, या विचाराचीच त्याला भीती वाटत होती. कठोर आज्ञेमागे वडीलधाऱ्याची भीती असते, हे मुलास कळणे चांगलेच. पण ती भीती वडीलधाऱ्याने वेळीच बोलून दाखवावी, हे मला कळले. मुलगा धंद्यात स्वतंत्र निर्णय घेऊ लागला तेव्हा मी केवळ “नाही” म्हणत असे. “मला काळजी वाटते” असे कधी म्हणालो नव्हतो.

तिसरा भाग ‘हार्लीज हॉलिडे’, हाही डिनी यांच्याच लेखणीतील. हार्ली क्विन ही एकेकाळची गुन्हेगार मनोरुग्णालयातून बरी होऊन सुटते आणि सुधारण्याचा मनापासून निश्चय करते. दुकानात जाऊन रीतसर पैसे मोजून पोशाख विकत घेते. चोरी रोखण्यासाठी कपड्यास लावलेली चकती मात्र तशीच राहते. दारातून निघताना घंटा वाजते, पहारेकरी अडवतो, आणि आपल्याला पुन्हा डांबणार या भयाने ती बिथरते. एका चुकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. शेवटी तिला परत रुग्णालयात जावे लागते. तेथे बॅटमॅन तोच पोशाख तिच्यासाठी घेऊन येतो. नव्याने उभे राहू पाहणाऱ्याची धडपड त्याला ठाऊक असते.

हा भाग हसत खेळत पुढे जातो, परंतु गल्ल्यावर बसणाऱ्याने तो लक्षपूर्वक पाहावा. उधारी थकलेला शेतकरी पुन्हा दारात आला, की आपल्या नजरेतच एक घंटा वाजते. समोरच्याला ती ऐकू येते.

या मालिकेचा एक भाग साधारण 22 मिनिटांचा असतो. मुलांसोबत पाहताना तात्पर्य सांगू नये, असा माझा अनुभव आहे. मुले प्रश्न विचारतात, तेवढे पुरे. काही प्रश्न मोठ्यांसाठीच असतात.

‘हार्ट ऑफ आइस’ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या हमालाला बोलावून पैसे पुढे केले. तो म्हणाला, “शेठ, बाहेरून घेतले. बाईचं डोरलं ठेवलं गहाण.” ते मी सोडवून आणविले आणि रक्कम त्याच्या नावे लिहिली नाही. त्याची पत्नी आता बरी आहे. पेरूच्या बागेत मजुरीसही जाते. तो पूर्वीप्रमाणेच वेळेवर येतो, रामराम करतो, पोती वाहतो.

मात्र त्यानंतर त्याने माझ्याकडे उचल मागितलेली नाही. एकदाही नाही.