इनबॉक्सचा मोंढा

तुमच्या इनबॉक्सवर आत्ता न वाचलेल्या मेलचा आकडा किती आहे? चार अंकी असेल तर लाजू नका, बहुतेकांचा तसाच असतो. शॉपिंगच्या ऑफर, न मागितलेल्या कोर्सच्या जाहिराती, जुने ओटीपी, आणि या ढिगात कुठेतरी स्कॉलरशिपच्या अर्जातली त्रुटी दुरुस्त करा असं सांगणारा एक मेल. तो मुदतीच्या आत दिसला तर ठीक, नाहीतर वर्षाची फी गेली.

त्यात आणखी दोन भानगडी आहेत. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. गॅदरिंगचे व्हिडिओ अपलोड करून ती भरली की नवीन मेल येणंच थांबतं. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तरी तुमच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी भानगड शेवटच्या वर्षाच्या पोरांची. अनेक कॉलेजांनी विद्यार्थ्यांना स्वतःचे मेल आयडी दिले. पदवी झाली की असे आयडी बंद होऊ शकतात, आणि त्याबरोबर तीन वर्षांच्या नोट्स, प्रोजेक्टच्या फाइल आणि सरांनी पाठवलेली शिफारसपत्रं जातात.

यावरचा एक उपाय आपल्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो समजायला परभणीच्या मोंढ्यात एक चक्कर मारली तरी पुरे. तिथे एकच माणूस सगळं करत नाही. हमाल पोतं उतरवतो, मापाडी वजन करतो, अडत्या सौदा करतो, मुनीम वहीत लिहितो. प्रत्येकाला एकच काम येतं, पण पक्कं येतं. माल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि संध्याकाळपर्यंत हिशेब तयार असतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार नेमका हाच आहे. बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. 1973 मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये आणलं. कीबोर्डवर एक उभी रेघ असते ना, जी आपण कधीच वापरत नाही? तीच ती नळी. तिला पाइप म्हणतात.

आता हे मेलला लावू. पहिलं काम माल उतरवण्याचं. एमबीसिंक नावाचं छोटं टूल सर्व्हरवरचे मेल तुमच्या लॅपटॉपवर आणून ठेवतं. ठेवतं कसं, तर एक मेल म्हणजे एक फाइल. या पद्धतीला मेलडिर म्हणतात. फोल्डरमध्ये तीन कप्पे: अर्धवट आलेले, नवे, आणि पाहून झालेले. मेल वाचला की फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एस’ अक्षर लागतं, उत्तर दिलं की ‘आर’. बस, एवढंच. कुठला डेटाबेस नाही की कंपनीचं बंद कुलूप नाही. पेन ड्राइव्हवर कॉपी करा, दहा वर्षांनी उघडा, साध्या एडिटरमध्येही दिसेल.

मग येतात हिशेबाची माणसं. एमब्लेझ नावाचा छोट्या कमांडचा एक संच आहे. त्यातलं एमलिस्ट मेलच्या फाइलींची यादी देतं, एमपिक त्यातले हवे तेवढे निवडतं, एमस्कॅन प्रत्येकाची एक ओळ दाखवतं, एमशो मेल उघडून वाचायला देतं आणि सोबतची अटॅचमेंटही बाहेर काढून देतं.

मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पहिला प्रयोग केला तो असा: मला सर्वात जास्त मेल कोण पाठवतं? एमलिस्टने यादी दिली, एमएचडीआरने प्रत्येक मेलमधलं फक्त पाठवणाऱ्याचं नाव काढलं, सॉर्टने नावं क्रमाने लावली, युनिकने सारखी नावं एकत्र करून मोजली, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर आणला. पाच कमांड, मधे चार उभ्या रेघा. यातली युनिक कमांड जरा भोळी आहे, ती फक्त शेजारच्या ओळीशी तुलना करते. म्हणून आधी सॉर्ट करावंच लागतं, जसं कापूस आणि सोयाबीनची पोती मिसळून ठेवली तर मापाड्याचा हिशेब लागायचा नाही. यादीत वरची सगळी नावं जाहिरातवाल्यांची निघाली. त्यांचे मेल एमपिकने वेगळे केले आणि एका फटक्यात बाजूला टाकले. मोबाइलवर एकेक टिक करत बसलो असतो तर दुपार गेली असती.

खरी गंमत मात्र मराठीत आहे, आणि इंग्रजी ट्युटोरियलवाले हे सांगत नाहीत. शोधायची साधी कमांड ग्रेप. मेलच्या फाइलींवर थेट ग्रेप चालवून ‘परीक्षा’ शोधा, बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही. मेल समोर आहे, शब्द त्यात आहे, तरी नाही! कारण मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली. देवनागरी मजकूर पाठवताना तो बहुधा बेस 64 नावाच्या सांकेतिक रूपात बदलला जातो, विषयाची ओळसुद्धा. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून आधी एमशोकडून मेल उलगडून घ्यायचा आणि मग तो ग्रेपच्या हाती द्यायचा. मेल हजारोंनी असतील तर नॉटमच हे टूल बरं. ते सगळे मेल एकदा उलगडून वाचतं, त्यांची सूची करतं आणि पुढे क्षणात शोधून देतं. पण त्याला मराठी व्याकरण येत नाही. ‘परीक्षा’ शोधलं तर ‘परीक्षेचे वेळापत्रक’ सुटतं. ‘परीक्ष’ एवढंच लिहून पुढे चांदणी लावायची, मग सगळी रूपं सापडतात. विभक्तीचा एवढा व्यावहारिक उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता.

आणखी एक त्रास आहे. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. फाइल बरोबर असते, दिसते चुकीची. लांब मराठी मेल मी सरळ साध्या एडिटरमध्ये उघडते. रंगीबेरंगी मेल तर ब्राउझरमध्येच बघावेत, तिथे हट्ट नको.

कुणी म्हणेल, सगळं जग पुढे चाललंय आणि तुम्ही काळ्या खिडकीत टाइप करत बसलात. पण महाराष्ट्रात ईमेल आला तोच असा. 1986-87 च्या सुमारास अर्नेट हे नेटवर्क सुरू झालं. मुंबईत जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी त्यात होतं. टेलिफोनच्या लाइनवरून मॉडेमने मेल जायचा आणि तीच त्या नेटवर्कची पहिली सेवा होती. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांचं स्वस्त खातं फक्त अक्षरांचं होतं, चित्रं नाहीतच. मेल वाचायला पाइन नावाचा प्रोग्रॅम. लाइन महाग आणि बेभरवशाची, म्हणून मेल पटकन उतरवून घ्यायचा आणि लाइन सोडून निवांत वाचायचा. परभणीहून सेलू, परतूर करत जालन्याकडे जाताना रेल्वेत नेटवर्क येतं-जातं तेव्हा मला तीच पद्धत कामाची वाटते. मेल लॅपटॉपवर असतात, उत्तरं लिहून ठेवता येतात, स्टेशन आलं की एमएसएमटीपी ती पाठवून देतं.

करून बघायचं असेल तर उबंटूमध्ये ही सगळी टूल्स फुकट आहेत, फक्त एमबीसिंक ‘आयसिंक’ या नावाने शोधा. विंडोजवाल्यांसाठी डब्ल्यूएसएल आहे. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडच्या टर्मक्स ॲपमध्ये मट हा मेल वाचायचा प्रोग्रॅम चालतो. लिनक्सची ओळखच नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आधी बघा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि तो मित्राला फॉरवर्ड करायची गोष्ट नाही. सुरुवातीला एमबीसिंकला फक्त ‘पुल’ म्हणजे खाली ओढायचं काम सांगा. दोन्हीकडचं एकसारखं ठेवायला सांगितलंत तर लॅपटॉपवर पुसलेला मेल सर्व्हरवरूनही जाऊ शकतो.

कॉलेजच्या आयडीवर ॲप पासवर्ड बंद असेल तर कॉम्प्युटर विभागातल्या सरांना किंवा मॅडमना विचारा. तिथूनही नाही म्हटलं तर गूगल टेकआउट चालतंय का बघा. त्यातून सगळे मेल एका लांबलचक एमबॉक्स फाइलमध्ये मिळतात आणि मट ती थेट उघडतं. काहीही करा, पण निकालाच्या आधी करा. आयडी बंद झाल्यावर यातलं एकही टूल उपयोगाचं नाही.