दहावीची बॅच : मुदखेडच्या शालेय स्मृतीचा परिचय

महाराष्ट्रातील एखाद्या माध्यमिक शाळेतून एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या समूहाला ‘दहावीची बॅच’ असे म्हटले जाते. शासनाच्या लेखी या समूहाचे अस्तित्व निकालपत्रकापुरतेच असते. परंतु नांदेड जिल्ह्यातील मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी ही बॅच शाळा सुटल्यानंतरही टिकून राहते, अडीअडचणीला एकत्र येते आणि शाळेची आठवण पुढच्या पिढीकडे पोहोचवते. निरोप समारंभातील मनोगते, वर्गाचा समूहफोटो आणि वीस-पंचवीस वर्षांनी भरणारा स्नेहमेळावा या तीन प्रसंगी ती आपल्या शालेय वर्षांकडे मागे वळून पाहते. या तिन्ही प्रसंगांकडे आजवर हौस म्हणून पाहिले गेले असले, तरी मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात त्यांचे मोल त्याहून पुष्कळ अधिक आहे.

मुदखेड हे रेल्वे जंक्शन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून गेला आणि पुढे मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारा फाटा निघाला, त्यामुळे शेती, बाजार आणि रेल्वे या तिन्हींवर जगणारी वस्ती येथे एकत्र आली. नांदेड शहर येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असून तालुक्यात केळी, ऊस आणि फुलांची शेती होते. अशा गावाच्या वर्गात शेतकऱ्याचे, रेल्वे कर्मचाऱ्याचे, व्यापाऱ्याचे आणि शेतमजुराचे मूल शेजारी बसते. घरी कोणी मराठी, कोणी दख्खनी उर्दू, कोणी तेलुगू, तर कोणी बंजारा समाजाची गोरमाटी बोलत असतो. बारड, मुगट यांसारख्या गावांची मुले आणि तालुक्याच्या ठिकाणची मुले यांची पहिली खरी ओळख बहुधा हायस्कुलातच होते. म्हणून या भागातील बॅचच्या आठवणी म्हणजे गावाच्या सहजीवनाचीही नोंद असते.

या सहजीवनाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते, सरकारी शाळा थोड्या होत्या आणि खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारी परवानगीची अट होती. त्या कोंडीतून वाट काढण्यासाठी राष्ट्रीय शाळा, म्हणजे देशभक्तीच्या प्रेरणेने लोकांनी चालवलेल्या शाळा, उभ्या राहिल्या. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांची ठळक उदाहरणे असून, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्ही ठिकाणी अध्यापन केले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेतील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्या पिढीच्या शालेय आठवणींत धडे, तुरुंग आणि परागंदा होणे यांची सरमिसळ आढळते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. संस्थानी वारशाने आलेल्या सरकारी माध्यमिक शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, आणि म्हणूनच जेथे हायस्कुले प्रामुख्याने खाजगी संस्थांनी काढली त्या पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने मराठवाड्यात ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अधिक दिसतात.

शालान्त परीक्षेची आजची चौकटही टप्प्याटप्प्याने घडली. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी कार्यरत झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही परीक्षा अकरावीच्या अखेरीस होत असे आणि दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर ती दहावीला आली. त्यामुळे ज्येष्ठ पिढी ‘मॅट्रिकची बॅच’ किंवा ‘जुन्या अकरावीची बॅच’ म्हणून स्वतःची ओळख सांगते. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे आता मंडळाच्या लातूर विभागात मोडतात.

दहावीच्या वर्षाला शाळेत स्वतःचे असे पंचांग असते. जूनच्या मध्यास वर्ग भरतात. ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनी स्वयंशासन होते, म्हणजे त्या दिवशी दहावीचे विद्यार्थी मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई यांची कामे सांभाळतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. हिवाळ्यात स्नेहसंमेलन, त्यानंतर सराव परीक्षा आणि अखेरीस नववीच्या वर्गाने आयोजित केलेला निरोप समारंभ येतो. या समारंभात निघणारा वर्ग शाळेला भिंतीवरचे घड्याळ, ध्वनिक्षेपक किंवा थोर व्यक्तीची तसबीर अशी एखादी भेट देतो आणि काही विद्यार्थी मनोगत व्यक्त करतात. मनोगत हा मराठी शाळेने घडवलेला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे: त्यात गुरुजनांचे ऋण, वर्गमित्रांकडे क्षमायाचना आणि भविष्याची चिंता ठरलेल्या क्रमाने येतात. स्वयंशासनाच्या दिवशी फळ्यासमोर उभे राहिल्यावर शिकवणे किती अवघड आहे हे प्रथमच कळल्याची कबुली मनोगतात आली, तर तीत शिक्षणाविषयीचे खरे ज्ञान असते, आणि असे ज्ञान कोणत्याही मूल्यमापन पत्रकात उतरत नाही.

परीक्षेच्या आठवणींतही प्रदेशाचा चेहरा दिसतो. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या पुढाकाराने नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षेचे अभियान राबवले गेले आणि ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने ते राज्यभर चर्चेत आले. त्या काळच्या वर्गांसाठी कडक परीक्षा केंद्र हाच शालेय जीवनाचा शेवटचा धडा ठरला. २०२० च्या बॅचचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला आणि त्या विषयाला सरासरी गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे लागलेला राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. उत्तीर्णतेचा असा उच्चांक असलेल्या या वर्गाला शेवटच्या वर्षाचा मोठा भाग मोबाइलच्या पडद्यावर काढावा लागला. या दोन्ही बॅचच्या दृष्टीने ती दोन वर्षे कशी गेली हे सांगणारा दस्तऐवज निकालाच्या आकड्यात नाही; तो त्यांच्या आठवणीतच आहे.

मुलींच्या बाबतीत या स्मृतीला आणखी एक पदर आहे. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी एस.टी.चा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातील सायकली आणि बस या योजनांनी मराठवाड्यातील असंख्य मुलींना गावाबाहेरच्या हायस्कुलापर्यंत आणले. अनेकींसाठी हा रोजचा प्रवास हाच स्वतंत्रपणे वावरण्याचा पहिला अनुभव असतो. दहावीनंतर मुलांपैकी बरेच जण नांदेडला किंवा परीक्षेच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी प्रसिद्ध असलेल्या लातूरच्या महाविद्यालयांकडे व शिकवण्यांकडे जातात, तर लवकर लग्न झालेल्या मुलीचे आडनाव आणि गाव दोन्ही बदलतात. पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा ठरतो तेव्हा वर्गमैत्रिणींचा शोध घेणे हेच संयोजकांचे सर्वांत कष्टाचे काम ठरते, आणि जेथे तो शोध मनापासून घेतला जातो तेथेच बॅच पूर्ण झाली असे म्हणता येते.

शाळेकडे स्वतःची लेखी स्मृती कोणती असते, हे या संदर्भात पाहणे आवश्यक आहे. प्रवेशाची नोंदवही, अर्थात जनरल रजिस्टर, आणि त्यावरून दिला जाणारा शाळा सोडल्याचा दाखला ही तिची मुख्य साधने होत. त्यांत नाव, जात, जन्मतारीख, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण अशा ठरावीक नोंदीच असतात. या नोंदींचे महत्त्व २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला उमगले, कारण मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांबरोबर जुनी शालेय दप्तरेही तपासली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. जीर्ण रजिस्टराच्या एका ओळीवर नातवंडांचे भवितव्य अवलंबून राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र त्या ओळीत विद्यार्थी कोणत्या गावाहून चालत येत असे, कोणत्या शिक्षकाने त्याची फी भरली, पावसाळ्यात वर्ग कोठे बसत असे, यांपैकी काहीही नसते. हे सारे केवळ बॅच जाणते, आणि बॅचमधील माणसे वयोवृद्ध होत गेली की ते नाहीसे होते.

मराठी शाळांत हस्तलिखिताची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहून सजवलेल्या वार्षिक अंकाची, जुनी आणि सुंदर परंपरा आहे. तिचे पुनरुज्जीवन दहावीच्या वर्गाने करावे, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. निरोप समारंभाच्या खर्चातील थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक निघणाऱ्या वर्गाने आपली पाच-सहा वर्षे एका बांधीव वहीत लिहावीत, समूहफोटोखाली सर्वांची पूर्ण नावे आणि गावे नोंदवावीत आणि ती वही जनरल रजिस्टराशेजारी कपाटात ठेवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी घ्यावी. स्नेहमेळाव्यासाठी परतणाऱ्या जुन्या बॅचनेही सत्काराच्या शाली आणि स्मृतिचिन्हांबरोबर आपल्या आठवणींचे लेखन शाळेला द्यावे. मुदखेडच्या आणि मराठवाड्यातील प्रत्येक प्रशालेने हे काम येत्या शैक्षणिक वर्षापासूनच हाती घ्यावे.