वाइतांगीचा करार : एका दस्तऐवजाचे दोन पाठ

जुने कागद जपणें, प्रती ताडून पाहणें व पाठभेद टिपणें हा आपल्या मंडळींचा नित्याचा उद्योग. त्याचा व्यवहारांत उपयोग काय, असा प्रश्न लोक वारंवार करितात. त्याचें एक उत्तर न्यूझीलंडांत मिळतें. तेथील मूळ रहिवासी जे माओरी लोक, त्यांच्या जमिनीचा व मानाचा प्रश्न दीड शतकाहून अधिक काळ एका कराराच्या दोन पाठांतील भेदाशीं निगडित राहिला आहे. त्या कराराची हकीकत येथें क्रमानें देतों.

इ. स. १८४० च्या जानेवारीअखेर कॅप्टन विल्यम हॉब्सन हा ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधि म्हणून न्यूझीलंडच्या उत्तर भागांत उतरला. माओरी सरदारांच्या संमतीनें देशावर सत्ता मिळवावी, असा त्यास हुकूम होता. त्यानें आपला चिटणीस फ्रीमन व तेथील ब्रिटिश रेसिडेंट बस्बी यांच्या साह्यानें इंग्रजी मसुदा सिद्ध केला. ४ फेब्रुवारीच्या रात्रीं हेन्री विल्यम्स हा मिशनरी व त्याचा पुत्र एडवर्ड यांनीं त्याचें माओरी भाषेंत रूपांतर केलें. ५ तारखेस वाइतांगी येथें सरदारांची सभा भरून मोठा वादविवाद झाला आणि ६ तारखेस सह्या झाल्या. पहिली सही होने हेके या सरदाराची. पुढें कराराच्या प्रती निरनिराळ्या भागांत फिरवून आणखी सह्या घेण्यांत आल्या.

आज या कराराचे एकूण नऊ बंद उपलब्ध आहेत. पैकीं दोन चर्मपत्राचे व सात कागदाचे. त्यांवर मिळून सुमारें ५४० नांवें असून त्यांत कांहीं स्त्रियांचींही आहेत. आपल्याकडील महजरांवर पाटलाच्या नांवापुढें जशी नांगराची निशाणी आढळते, तशा येथें कित्येक सरदारांनीं आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाच्या रेषा काढिल्या आहेत. मुख्य लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, इंग्रजी पाठाच्या एकाच बंदावर सह्या असून त्या अवघ्या ३९ आहेत. बाकीच्या सर्वांनीं, म्हणजे ५०० हून अधिक जणांनीं, संमति दिली ती माओरी पाठास.

आतां पाठभेद पाहूं. इंग्रजी पाठाच्या पहिल्या कलमांत सरदार आपली सर्व सार्वभौम सत्ता राणी व्हिक्टोरिया हिला देतात. माओरी पाठांत त्या जागीं ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. ‘कावाना’ हें ‘गव्हर्नर’ या इंग्रजी शब्दाचें माओरी रूप. बायबलच्या माओरी भाषांतरांत रोमन अधिकारी पिलात यास हेंच पद दिलें आहे. तेव्हां या शब्दाचा सरळ अर्थ ‘गव्हर्नरी’ असा होतो. सुभेदारी व राज्यपद यांतील अंतर ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या भेदाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दुसऱ्या कलमांत इंग्रजी पाठ जमिनी, अरण्यें व मासेमारीच्या जागा यांचा निर्वेध ताबा माओरी लोकांकडे ठेवितो. माओरी पाठ याहून पुष्कळ पुढें जाऊन जमिनी, गांवें व सर्व मोलाच्या वस्तु यांवरील ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारकीचा पूर्ण अधिकार, त्यांजकडे राखतो. उत्तरेकडील सरदारांनीं १८३५ साली स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा काढिला होता, त्यांत ‘स्वातंत्र्य’ या अर्थीं हाच शब्द योजिलेला आहे. आणि सार्वभौम सत्तेसाठीं त्यांत वापरलेला ‘माना’ हा शब्द १८४० च्या करारांत कोठेंच नाहीं. अर्थात् पहिल्या दस्तऐवजाशीं परिचित असलेल्या सरदारास दुसऱ्यांत आपलें स्वातंत्र्य शाबूत दिसलें असल्यास नवल नाहीं. याच कलमान्वयें इंग्रजी पाठांत जमीन प्रथम विकत घेण्याचा अनन्य हक्क राणीस मिळतो. माओरी पाठांतील शब्दावरून मात्र खरेदी-विक्रीपलीकडे कांहीं स्पष्ट होत नाहीं.

पुढील काळांत सरकारनें इंग्रजी पाठ प्रमाण धरिला. १८६३ च्या कायद्यानें बंडखोर ठरविलेल्या जमातींच्या जमिनी जप्त करण्याची मुभा मिळाली व वायकाटो प्रांतांत सुमारें १२ लक्ष एकर जमीन गेली. १८६५ च्या कायद्याखालीं नेटिव्ह लँड कोर्टानें सामाईक जमिनीच्या दाखल्यावर दहांपेक्षां अधिक नांवें घालूं नयेत, असें ठरलें. हे दहा इसम जमिनीचे पुरे मालक समजले जाऊन बाकीचे भाऊबंद उघडे पडले. आज देशांतील सुमारें ५ टक्के जमीन माओरी मालकीची म्हणून उरली आहे.

१८७७ सालीं वी पराटा याचा खटला निघाला. न्गाती तोआ जमातीनें शाळेसाठीं दिलेली जमीन सरकारनें बिशपच्या नांवें करून दिली होती. शाळा मात्र झालीच नाहीं. जमीन परत मिळावी अशी वी पराटाची मागणी होती. मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनीं ती फेटाळून, सार्वभौमत्वाच्या दृष्टीनें वाइतांगीचा करार निव्वळ शून्यवत् होय, असें मत दिलें. योगायोग असा कीं, त्याच सालीं सरकारी छापखान्यानें कराराच्या अस्सल बंदांच्या शिळाछाप प्रतिकृति प्रसिद्ध केल्या.

अस्सलाची दशा याहून वाईट. १८४१ सालीं कचेरीला आग लागली असतां एका कारकुनानें हे बंद वांचविले होते. पण १८७७ नंतर ते विस्मृतींत गेले आणि १९०८ सालीं डॉ. हॉकेन या संग्राहकास वेलिंग्टन येथील सरकारी इमारतीच्या तळघरांत पाण्यानें खराब झालेले व उंदरांनीं कुरतडलेले असे आढळले. नष्ट झालेल्या भागांसाठीं त्या १८७७ च्या प्रतिकृतींचाच आज आधार आहे.

१९४१ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, कायदेमंडळानें कायद्यांत अंतर्भूत केल्यावांचून करारावरून कोर्टांत दाद मागतां येत नाहीं. अर्ज, शिष्टमंडळें व सभा मात्र चालूच राहिल्या. १९७२ सालीं रूथ रॉस या विदुषीनें न्यूझीलंडच्या इतिहासविषयक नियतकालिकांत दोन्ही पाठ ताडून लेख लिहिला व माओरी पाठच खरा करार होय, या मुद्द्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें. १९७५ सालीं वृद्ध पुढारीण व्हिना कूपर हिच्या नेतृत्वाखालीं उत्तर टोंकाहून वेलिंग्टनपर्यंत पायीं मोर्चा निघाला. त्याच वर्षीं वाइतांगी न्यायमंडळाचा कायदा झाला. त्या कायद्यास दोनही पाठ परिशिष्ट म्हणून जोडले असून, त्यांतील भेदांमुळें उद्भवणारे प्रश्न सोडविण्याचें काम न्यायमंडळाकडे दिलें आहे. पाठभेदास कायद्यानेंच मान्यता दिल्याचें याहून ठळक उदाहरण विरळा. १९८५ मध्यें या मंडळास १८४० पर्यंतच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला.

१९९५ सालीं वायकाटोच्या जप्तीबद्दल १७ कोटी डॉलरची भरपाई ठरली व क्षमायाचना असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथ हिनें स्वतः सही केली. २०१४ सालीं न्यायमंडळानें निष्कर्ष काढिला कीं, १८४० च्या फेब्रुवारींत सह्या करणाऱ्या सरदारांनीं सार्वभौमत्व दिलें नव्हतें. सरकारनें तो मानला नाहीं. कराराचीं तत्त्वें नव्यानें ठरवूं पाहणारें एक विधेयक एप्रिल २०२५ मध्यें पार्लमेंटनें ११२ विरुद्ध ११ मतांनीं फेटाळलें. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

जमिनी परत मिळाल्या त्या थोड्या, आणि ज्या मिळाल्या त्या लोकांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या चिकाटीनें. एकट्या कागदानें हें घडलें असतें असें नाहीं. परंतु ते कुरतडलेले बंद तळघरांतच कुजले असते, तर सरदारांनीं नेमकें काय कबूल केलें होतें, हें दाखविण्यास त्यांच्या हातचा पुरावा उरला नसता. दोन पाठ जुळत नाहींत म्हणून एक टाकून देण्याचा मोह संपादकास होतो. तो आवरून दोनही जसेच्या तसे राखावे. कारण एखाद्या लोकांचा हक्क नेमका त्या न जुळणाऱ्या शब्दांत असूं शकतो.