पॅरिसमधले मत आणि मराठवाड्याचे मत

१७ सप्टेंबर उजाडला की नांदेडास व लातुरास ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते. परंतु त्याच सुमारास पॅरिस येथे या मुलुखाविषयी एक मतदान झाले होते, हे आज कितीजणांस आठवते? निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी सुरक्षा परिषदेकडे हिंदुस्थानविरुद्ध तक्रार धाडली. ती कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी काय, हा प्रश्न १६ सप्टेंबर रोजी, म्हणजे हिंदी फौजा संस्थानात शिरून तीन दिवस लोटल्यावर, मतास पडला. आठ राष्ट्रे अनुकूल. विरुद्ध एकही नाही. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ. त्या आठांत सीरियासारखे चिमुकले राष्ट्रही होते.

सीरियावर रोष धरण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये हेच राष्ट्र, लेबॅननसह, आपल्या भूमीवरील फ्रेंच व ब्रिटिश फौजांविरुद्ध याच परिषदेच्या दाराशी गेले होते. ज्याने नुकतेच बलिष्ठाचे जोखड मानेवरून उतरविले, त्याला दुसऱ्या लहानाची फिर्याद निदान ऐकून घ्यावी असे वाटावे, हे मनुष्यस्वभावास धरूनच झाले. शिवाय तक्रार ऐकणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे.

आमचा आक्षेप निराळाच आहे. स्वयंनिर्णय मागत होते कोण? संस्थानची प्रजा सुमारे १ कोटी ६३ लक्ष. मागणारा एक निजाम! त्या प्रजेच्या वतीने बोलू शकणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या दिवशी तुरुंगात होते. ज्या लातुरात कासीम रझवी वकिली करीत असे, त्याच्या आसपासची कित्येक कुटुंबे रझाकारांच्या भयाने घरदार टाकून बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती. लहान राष्ट्राची कड घेऊ पाहणाऱ्यांस संस्थान लहान दिसले. त्या संस्थानाच्या पोटातील माणूस त्याहून लहान आहे, हे दिसले नाही. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याचा प्रश्न आला, तेव्हा सिलोन व लायबेरिया या लहान राष्ट्रांनीच पाश्चात्त्यांच्या ठरावाविरुद्ध मत दिले. वसाहतीवरील मालकी हा हक्कच नव्हे, ही त्यांची भूमिका आम्हांस अधिक डोळस वाटते.

निजामाच्या सैन्याने १७ सप्टेंबरला शरणागती पत्करली. २२ तारखेस निजामाने तारेने तक्रार मागे घेतली. परिषदेत नंतरही भाषणे झाली, ठराव मात्र एकही झाला नाही.

येथेच थांबणे सोयीचे झाले असते. परंतु त्यानंतरच्या दिवसांत याच मुलुखात मुसलमान रहिवाशांवर जो सूड उगविला गेला, त्याविषयी मौन पाळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. भारत सरकारनेच धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत अधिक झळ पोचलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद व नांदेड आहेत. लातूर त्या वेळी उस्मानाबादेतच मोडत असे. समितीच्या अंदाजाने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच पडून होता. रझाकारांच्या काळात ज्यांस कोणी विचारले नाही त्यांची गणना आपण दरवर्षी करतो. यांची कोणी करीत नाही.

नांदेड-लातूरच्या सामान्य माणसास प्रौढ मताधिकाराने आपले मत प्रथम देता आले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्यासाठी पॅरिसहून कोणी आले नव्हते.